जागलीची रात्र : विदर्भाच्या रानात हिवाळा कसा काढला गेला

29 डिसेंबर 2018 रोजी नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला, तेव्हा दोन दिवस बातम्या चालल्या. विदर्भ म्हणजे ऊन, हे समीकरण एवढं पक्कं आहे की इथल्या थंडीचं सगळ्यांना नवल वाटतं. तो आकडा शहरातल्या वेधशाळेचा होता. त्याच रात्री नाल्याकाठच्या गव्हात मोटर सुरू करून, पाण्यात पाय बुडवून दांडाचं (पाटाचं) पाणी वळवणारी माणसंही होतीच. त्यांच्या अंगाला किती थंडी लागली, ते कोणी मोजलं नाही.

आमच्याकडे थंडीला ‘हीव’ म्हणतात आणि रात्री शेत राखायला जाण्याला ‘जागल’. “जागलीले चाललो” म्हणत घराबाहेर पडलेला माणूस सकाळीच परतायचा. रानातल्या हिवाळ्याची विद्या या कामातून आली, हौसेतून नाही. ज्वारी निसवली की रानडुकरं यायची, हरभऱ्याला घाटे धरले की रोही, म्हणजे नीलगायी, यायचे. तुरीच्या शेंगा भरायच्या तेव्हा ऐन पौष असायचा. म्हणजे पीक जितकं मोलाचं, तितकी रात्र गार. विदर्भाच्या थंडीचा इतिहास बघायचा तर या जुळणीपासूनच सुरुवात करावी लागते.

आकाश निरभ्र असलं की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडते. गार हवा जड असते, म्हणून ती उतारावरून सरकत नाल्यात, खोलगटीत जाऊन साचते. मचाण उंचावर बांधायचं ते जनावरापासून वाचायला, हे खरं. पण दोन पुरुष उंचीवर हीवही कमी असतं, हे जागल्याला अंगानं कळायचं. खाली खोपडी, म्हणजे झोपडी, असेल तर ती नाल्यापासून वर, बांधाच्या आडोशाला घालायची. आणि उघड्या जमिनीवर पाठ टेकवायची नाही. हवेपेक्षा माती अंगातली ऊब जास्त ओढून घेते. भंडारा-गोंदियाकडे त्यासाठी धानाची तणस होती, वऱ्हाडात ज्वारीचा कडबा. वीतभर जाड थर दाबून घातला आणि वर घोंगडी टाकली की निम्मी रात्र जिंकली. माझे आजोबा संध्याकाळीच झोपायच्या जागी शेकोटी पेटवत, निखारे बाजूला सारून तापलेली माती सारखी करत आणि तिच्यावर कडबा अंथरत. मध्यरात्रीपर्यंत खालून ऊब यायची. त्या ऊबेत मी झोपलो आहे, म्हणून हे लिहिताना नुसती माहिती सांगतोय असं वाटत नाही.

शेकोटीचंही शास्त्र होतं. सालईच्या लाकडात राळ असते, ते चटकन पेटतं. पण रात्रभर टिकायला धावडाच हवा, त्याचा निखारा जड आणि धगीचा. मोठे ओंडके फोडत बसायचं नाही. त्यांची टोकं मधल्या विस्तवाला लावायची आणि जळतील तसे आत ढकलत राहायचं. गोंड-माडिया आदिवासींच्या पाड्यांवर असा विस्तव अजूनही दिसतो. बांबूचं बंद पेर तापलं की फटकन फुटतं आणि ठिणगी अंथरुणावर येते, म्हणून तो आधी चिरून घ्यायचा. बिबा जाळायचा नाही; त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात आणि धूरही बाधतो. मोहाला तर कुऱ्हाड लावायचीच नाही. फुलं आणि टोळी, म्हणजे तेलाच्या बिया, देणारं झाड एका रात्रीच्या ऊबेसाठी कोण तोडेल?

काडेपेटी खेड्यात पोचण्याआधी गारगोटी आणि चकमक होती, ठिणगी धरायला काटेसावरीचा कापूस. पण रोज नवा विस्तव पाडायचा नसे. गोवरी राखेखाली दाबून ठेवली की ती सकाळपर्यंत धुमसते. त्याच गोवऱ्यांच्या धगीत रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजले जायचे. हिवाळ्यात वांग्याच्या भाजीबरोबर रोडग्याचं जेवण आम्ही आज कौतुकानं घालतो, पण पोटात जड अन्न असलं की अंगात ऊब टिकते, हे रानात राहणाऱ्यांनी आधी ओळखलं होतं.

जागल ही एका शेताची. अख्खा हिवाळा रानातच चालणारे लोक म्हणजे बंजारा. धान्य आणि मीठ बैलांवर लादून त्यांचे तांडे मुक्काम दर मुक्काम जात. मुक्कामाला गोण्यांची भिंत रचायची, बैल बांधायचे, विस्तव पेटवायचे. गोण्या वारा अडवत आणि जनावरांच्या अंगाची ऊब जवळच असे. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि लदेणीचा धंदा बसत गेला. यवतमाळ-वाशीमकडे तांडे जमिनीवर स्थिरावले. शेकडो रात्रींतून साठलेलं शहाणपण पुढं कुठं लागणार, हे तेव्हा कोणाच्या मनातही आलं नसेल.

त्याच काळात लाकडाचा प्रश्न उभा राहिला. 1861 मध्ये मध्य प्रांत झाला. पाठोपाठ 1865 आणि 1878 चे वन कायदे आले. वऱ्हाडाचा कारभार वेगळा होता, पण जंगल राखीव करण्याची दिशा तीच. साग सरकारचा झाला, मेळघाटात मजुरांसाठी वनग्रामं वसवली गेली आणि गावकऱ्याला जळाऊ लाकूड ‘निस्तार’ म्हणून मिळू लागलं. हा शब्द आजही पूर्व विदर्भात जिवंत आहे. निस्तारातून सरपण मिळालं, पण मालकी गेली. ज्या कोरकू आदिवासीच्या आजानं शेकोटीसाठी कोणाला विचारलं नव्हतं, त्याच्या नातवाला आता जंगलाच्या गार्डाकडं बघून लाकूड उचलावं लागलं. साहेबांना उन्हाळा टाळायला 1,100 मीटरांवरचं चिखलदरा सापडलं. तिथला हिवाळा मात्र कोरकूंच्याच वाट्याला राहिला.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा चर्चा बांबूच्या उत्पन्नाची झाली. ती व्हायलाच हवी होती. पण थंडीच्या रात्री आपल्याच जंगलातलं वाळकं लाकूड बिनधास्त पेटवता येणं, हेही त्या हक्कात येतं, आणि मला ते तेवढंच मोठं वाटतं.

भामरागडकडची थंडी बाहेरच्यांना कळली ती उशिरा. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तो ऐन हिवाळ्यात. माडियांकडे अंगभर कपडा नव्हता. विस्तव हेच पांघरूण. झोपेत विस्तवाजवळ सरकून भाजल्याच्या जखमा रानातल्या दवाखान्यांना नव्या नाहीत. जुन्या ज्ञानाचं गुणगान करताना ही बाजू झाकू नये. दार लावलेल्या खोपडीत निखारे न दिसणारा विषारी वायू सोडतात आणि माणूस झोपेतच जातो. मोहाची घेतली की अंग तापल्यासारखं वाटतं, पण रक्त कातडीकडं धावल्यानं आतली ऊब उलट बाहेर जाते. शरीराचं तापमान 35 अंशांखाली जायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि उपाशी पोट एवढंही पुरतं.

आजची जागल वेगळी आहे. ज्वारीची जागा सोयाबीन-कपाशीनं घेतली, कडबा कमी झाला. धानात हार्वेस्टर चालला की लांब तणस हाती येत नाही. कृषिपंपांना वीज पाळीनं मिळते आणि पाळी रात्रीची आली की शेतकरी बारा वाजता बांधावर उभा असतो. दिवसा वीज द्यावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. पण जिथं अजून रात्रपाळी आहे, तिथं हरभऱ्याचं पाणी रात्रीच सुटतं. चंद्रपूर जिल्ह्यात तर वाघाची धास्तीही सोबत असते.

घोंगडीही मागं पडली. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, आणि ठिणगी पडली तर नुसती धुमसते, जळक्या वासानं माणूस जागा होतो. बाजारातलं स्वस्त ब्लँकेट ठिणगीनं वितळतं आणि अंगाला चिकटतं. म्हणून ते पांघरलेला माणूस शेकोटीपासून लांब बसतो आणि तिची धग त्याच्यापर्यंत पोचत नाही.