श्वासनलिकादाह : खानदेशातील रूप, औषधोपचार आणि घरगुती उपाय

श्वासनलिकादाह : छातीतील मोठ्या व मध्यम श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येऊन खोकला, कफ आणि कधीकधी धाप सुरू होणे म्हणजे श्वासनलिकादाह. दवाखान्यात याला ब्राँकायटिस म्हणतात. घरोघरचे शब्द साधे आहेत : ढास लागली, छाती भरली, कफ सुटत नाही. अहिराणी बोलणारी म्हातारी ‘छातीमा कफ शे’ एवढेच सांगते आणि तिचे निदान बहुतेक वेळा बरोबर असते. ब्राँकायटिस हे नाव चार्ल्स बॅडम या इंग्रज वैद्याने १८०८ मध्ये रूढ केले. आयुर्वेदात खोकल्याला ‘कास’ म्हणतात. त्याचे वातज, पित्तज, कफज, क्षतज व क्षयज असे पाच प्रकार सांगितले आहेत.

श्वासनलिकांच्या आत अतिसूक्ष्म लव असते. ती एका लयीत हलत धूळ आणि जंतू चिकटलेला श्लेष्मा घशाकडे ढकलत राहते. विषाणूंमुळे किंवा धुरामुळे ही लव मंदावते, झडते. श्लेष्मा मात्र वाढतो. झाडलोट बंद पडलेल्या घरासारखी छातीची गत होते आणि साचलेले बाहेर काढायला खोकल्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून कफ सुटत असलेला खोकला औषधाने दाबून टाकू नये.

रोगाचे दोन प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यानेच उपचारांचा बराच घोळ होतो. तीव्र प्रकार सर्दी-पडशामागून येतो, दोन-तीन आठवडे छळतो आणि आपोआप जातो. सलग दोन वर्षे, दर वर्षी किमान तीन महिने कफाचा खोकला राहिला आणि त्याला दुसरे कारण सापडले नाही, तर तो चिरकारी प्रकार. पहिल्यात विषाणू पाहुणा असतो. दुसऱ्यात धूर घरातलाच झालेला असतो.

खानदेशातील कारणे : जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तिन्ही जिल्ह्यांत छातीला त्रास देणाऱ्या गोष्टी पिकांशी आणि चुलीशी बांधलेल्या आहेत. भुसावळ-रावेरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हिवाळ्यात पहाटे दहाच्या खाली येतो. थंडीत दारे-खिडक्या बंद, माणसे एका खोलीत, चूल आत. सर्दीचे विषाणू पसरायला याहून सोयीचे काय असणार? कपाशीची वेचणी आटोपली की पऱ्हाटी उपटून जळणासाठी रचून ठेवतात. तिच्याच काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरतासाठी खानदेश ओळखला जातो. भरताला तो धुराचा वास हवाच, पण धूर वांग्याबरोबर भाजणारीच्या छातीतही जातो. हौसेचे भरत महिन्यातून एकदा होते, भाकरी मात्र रोज होते. बिडी कधीच न ओढलेल्या साठीच्या बाईला चिरकारी खोकला का, याचे उत्तर बहुधा तिच्या चुलीत असते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसची जोडणी पुष्कळ घरांत पोचली. तरी सिलिंडर चहापुरता आणि भाकरी-पाणी चुलीवर, अशी वाटणी केलेली घरे कमी नाहीत.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, कापसाची धूळ उडते. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळल्यासारखी होणे आणि पुढच्या दिवसांत ते उतरणे, हे कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचे लक्षण आहे. अमळनेर, धुळे, जळगाव येथील जुन्या कापडगिरण्यांतही हीच धूळ असे. नंदुरबारच्या मिरची पथाऱ्यांवर ओली लाल मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात आणि देठ खुडायला बायका तोंडाला फडके बांधून बसतात. मिरचीतले कॅप्सायसिन श्वासमार्गातील चेता डिवचते. खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया मोजण्यासाठी प्रयोगशाळेत मुद्दाम हुंगवतात तेही हेच द्रव्य. शेवभाजीच्या फोडणीने सारे घर खोकते तो मात्र नुसता ठसका; तो पाच मिनिटांत जातो आणि त्याला आजार म्हणत नाहीत.

तीव्र प्रकाराचे उपचार : दहातल्या सुमारे नऊ रोग्यांत कारण विषाणू असतो. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. सर्व अभ्यास एकत्र पाहिले तर ती घेतल्याने खोकला सरासरी जेमतेम अर्धा दिवस आधी थांबतो, आणि त्या बदल्यात जुलाब, मळमळ व औषधाला न जुमानणारे जंतू पदरी पडतात. तरीही मेडिकलवर ‘खोकल्याच्या तीन गोळ्या द्या’ म्हटले की ॲझिथ्रोमायसिनचे पाकीट मिळते. त्या तीन दिवसांत बरे वाटू लागते ते बहुधा आजाराची मुदत भरत आल्यामुळे, श्रेय मात्र गोळीला जाते. कफ पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जंतू झाले, हा समजही काही डॉक्टरांसह सर्वत्र आहे. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. डांग्या खोकला किंवा न्यूमोनियाची शंका असेल तेव्हा प्रतिजैविक द्यावे लागते, आणि ते डॉक्टरने तपासून ठरवायचे असते.

एरवी उपचार साधा आहे : विश्रांती, पुरेसे पाणी, ताप व अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. छातीतून शिटीसारखा आवाज येत असेल तर नळ्या रुंदावणारे साल्ब्युटामॉल. तसा आवाज नसेल तर त्याचा फायदा दिसत नाही, हात थरथरतात तेवढेच. लहान मुलांना खोकल्याची बाटली पाजण्याची घाई करू नये. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपने मुले दगावल्यावर, दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहूच नयेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिली. पाच वर्षांपर्यंतही ती सहसा देऊ नयेत, असे तिच्यात म्हटले आहे.

घरगुती उपाय : यात सर्वांत मानाचे झाड अडुळसा. ‘अडुळसा हाताशी असताना खोकल्याच्या रोग्याने खचायचे कशाला’ अशा अर्थाचे जुने संस्कृत वचनही आहे. पान इतके कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तो बांधावर कुंपणाला लावतात. कच्ची पाने कुटली तर रस फारसा निघत नाही. ती केळीच्या पानात गुंडाळून गरम राखेत ठेवतात किंवा भाकरीच्या तव्यावर वाफवतात. मऊ पडली की फडक्यात घालून पिळतात. वाटीभर पानांतून दोन-तीन चमचे हिरवट-तपकिरी रस निघतो. तो मधात कालवून घ्यायचा, आणि पिणाऱ्याचे तोंड वाकडे झाले नाही तर आजीला वाटते पाने दुसऱ्याच झाडाची आणली.

या पानातील व्हॅसिसिन या अल्कलॉइडवरून रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सिन बनवले. ते १९६३ मध्ये बाजारात आले. ॲम्ब्रॉक्सॉल त्याचाच पुढचा भाऊ. कफ पातळ करणाऱ्या निम्म्या बाटल्यांवर यांपैकी एखादे नाव असते. म्हणजे आजीची वाटी आणि मेडिकलची बाटली एकाच कुळातली. दोघींचा गुण मध्यम आहे : कफ सुटायला मदत होते, आजाराचे दिवस फारसे घटत नाहीत. व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते, त्यामुळे गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये.

मधाच्या बाजूने पुरावा त्यामानाने बरा आहे. एक वर्षावरील मुलाला झोपताना चमचाभर मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजे असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ती रुजतात. सातपुड्यातून आलेला अस्सल मध असला तरी हाच नियम. सितोपलादी चूर्णात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक असते. निम्म्याहून जास्त साखर, हे मधुमेह्याने ध्यानात घ्यावे. ज्येष्ठमधाची कांडी चघळल्याने घसा निवतो, पण रोज आणि पुष्कळ चघळली तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. हळदीचे दूध उबेला चांगले. हळदीतले कर्क्युमिन अंगात फार थोडे शोषले जाते, तेव्हा त्याच्यावर रोग बरा करण्याचे ओझे टाकू नये.

वाफेने नाक मोकळे होते, छातीपर्यंत तिचा फारसा परिणाम पोचत नाही. तिचा खरा धोका उकळत्या पातेल्याचा आहे. मुलाला मांडीवर घेऊन, डोक्यावर चादर ओढून वाफ देताना पातेले कलंडून भाजते. भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी आधी आपल्या मनगटावर टेकवून मग छातीवर शेकावी. कापूर घातलेले तेल तान्ह्या बाळाला चोळू नये. कापूर पोटात गेला तर आकडी येते.

काही प्रथा सरळ बंद व्हायला हव्यात. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवून ओवा, वावडिंग, लसणाच्या साली यांची धुरी बाळाला देतात. ज्या धुराने आजीची छाती गेली तोच नातवाला औषध म्हणून मिळतो. श्वास लागलेल्या मुलाच्या पोटाला तापल्या लोखंडाचे चटके देण्याची चाल सातपुड्यात आहे. पूर्वेकडे मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. त्याने श्वास सुधारत नाही, जखम होते आणि दवाखान्यात न्यायचे तास वाया जातात. त्यामानाने केळीबंदी निरुपद्रवी. परसात केळीचे घड लोंबत असतानाही खोकणाऱ्या पोराला केळे मिळत नाही, कारण ‘ते कफ करते’. केळ्याने किंवा दुधाने श्वासनलिकांत कफ वाढतो याला पुरावा नाही. भूक मेलेल्या मुलाला दोन्ही द्यावे.

कधी थांबू नये : मुलाचे पोट उडत असेल, म्हणजे श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर घरात काढा उकळत बसू नये. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया धरून चालावे. मोठ्या माणसात तीव्र ताप, बसल्या जागी धाप, थुंकीत रक्त, बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली आकडा, ही तातडीची लक्षणे. खोकला दोन आठवड्यांपलीकडे गेला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा; क्षयाची ही तपासणी मोफत असते. साधा श्वासनलिकादाहही तेवढा टिकू शकतो हे खरे, पण तपासून क्षय नाही निघाला तर नुकसान काहीच नाही.

चिरकारी प्रकार : येथे पहिले औषध म्हणजे धूर थांबवणे. बिडी सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो, कारण झडलेली लव पुन्हा कामाला लागते. ‘सोडल्याने जास्त झालं’ म्हणत माणूस पुन्हा बंडल आणतो, ते नेमके याच वेळी. चूल बदलता येत नसेल तर ती उघड्यावर आणावी किंवा वर धुराडे काढावे. फुंकून श्वास मोजणाऱ्या स्पायरोमेट्रीने नळ्या किती अरुंद झाल्या ते कळते. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी, आणि नळ्या रुंदावणारे औषध देऊनही तेवढीच राहिली, तर आजार सीओपीडीपर्यंत, म्हणजे नळ्या कायमच्या अरुंद होण्यापर्यंत, गेला असे समजतात.

मग औषध पंपाने (इनहेलरने) श्वासावाटे ओढून घ्यायचे असते. टायोट्रोपियमसारखी दीर्घकाळ टिकणारी औषधे रोज, साल्ब्युटामॉल गरजेपुरते. पंपाची सवय लागते, ही भीती खोटी आहे. तो न ओढता येणे ही अडचण खरी. रोटाकॅपची, म्हणजे आतली भुकटी श्वासाने ओढायची, कॅप्सूल पाण्याबरोबर गिळून महिनाभर ‘गुण नाही’ म्हणणारे रोगी डॉक्टरांना नवे नाहीत. कॅप्सूल यंत्रात घालायची, यंत्र फिरवून ती उघडायची, पूर्ण श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटून जोराने ओढायचे आणि दहा आकडे श्वास रोखायचा. दाबण्याचा पंप असेल तर पंप आणि तोंड यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, लावावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. दर वर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाच्या जंतूची, म्हणजे न्यूमोकॉकसची, लस घेतली तर आजार उसळण्याचे प्रसंग कमी होतात.

फुप्फुसे फार खालावल्यावर घरी ऑक्सिजन लागतो, तोही दिवसातून किमान पंधरा तास. अशा रोग्यांत रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण साधारण ८८ ते ९२ टक्के ठेवतात. मुलाने काळजीपोटी काटा वाढवून ९९वर नेला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रोगी गुंगीत जातो. यंत्र चालू असलेल्या खोलीत बिडी, समई किंवा पेटती चूल ठेवू नये. नळीला लागलेली आग थेट नाकापर्यंत येते.