सात मिनिटं पुढचं घड्याळ

गेम हरला की भाच्याचा राग पिंगवर, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेवर. परवा त्याने ‘पिंग निम्मं करणारं’ ॲप दाखवलं. पैसे भरायचेच बाकी होते. त्याच्या गेमचा सर्व्हर सिंगापूरला. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर साधारण 3,900 किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद लागणारच. ॲपने वाट बदलून थोडं वाचवलं तर वाचवलं, बाकी तो मोबाइलला बांधलेला ताईत.

हा वेळ मोजणारा पिंग नावाचा प्रोग्रॅम माइक मूस यांनी डिसेंबर 1983मध्ये लिहिला. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याचं नाव पडलं. माहितीचं छोटं पॅकेट पाठवायचं, समोरचा ते परत करतो, मधला वेळ मोजायचा. पण नुसतं जायला किती लागले? निम्मे करून चालत नाही. जायची आणि यायची वाट वेगळी असू शकते, गर्दीही.

इथे मला आमचं डोंबिवलीचं घर आठवतं. लोकल चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. बाबा त्यात 8:07 बघून निघायचे, फोर्टच्या ऑफिसातल्या बरोबर घड्याळात 9:10ला पोचायचे. प्रवास 63 मिनिटांचा! संध्याकाळी ऑफिसच्या घड्याळाने 6:00ला निघून घरच्या घड्याळात 7:17ला घरी, म्हणजे 77. खरे दोन्ही वेळा 70च. बेरीज मात्र बिनचूक 140, कारण सातची चूक एकदा वजा होते, एकदा अधिक. पिंगला तर दुसऱ्याच्या घड्याळाची गरजच नाही. निघणं आणि परतणं दोन्ही तो घरच्याच घड्याळात बघतो.

जवळच्याच सर्व्हरपर्यंतचा एकेरी वेळ मोजताना दोन टोकांच्या घड्याळांत चार मिलिसेकंदांचा फरक असला, तर पॅकेट निघायच्या आधीच पोचल्याचंही दिसू शकतं. मग घड्याळं नेटवरूनच जुळवा? ते काम करणारा एनटीपी जायला-यायला सारखाच वेळ लागतो असं धरून चालतो. जे मोजायचं तेच गृहीत! म्हणून काटेकोर मोजणारे दोन्ही टोकांना जीपीएसचं घड्याळ लावतात.

हरवलेल्या पॅकेटांचंही तसंच. दहातली नऊ परत आली, तर दहावं जाताना हरवलं की येताना, हे पिंग सांगत नाही. शिवाय वाटेतला राऊटर कामात असला की स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर द्यायचं टाळू शकतो, पण तुमचा व्हिडिओ कॉल मुकाट पुढे पाठवतो.