खान्देशातील घटस्फोट : दावा आणि दप्तर

घटस्फोट म्हणजे वैध विवाह पती-पत्नीच्या हयातीत कायदेशीरपणे संपुष्टात येणे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खान्देशात यासाठी फारकत, सोडचिठ्ठी आणि काडीमोड हे जुने शब्द आजही बोलण्यात आहेत. त्यांतला 'फारकत' हा शब्द मुळात ऋणमुक्तीच्या कागदाचा असून पुढे तो नवरा-बायकोच्या संबंधविच्छेदालाही लागू झाला. सोडचिठ्ठी म्हणजे नवऱ्याने लिहून दिलेले पत्र, तर काडीमोड म्हणजे पंचांसमोर काडी मोडून केलेला विच्छेद. बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी येत असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे वजन सारखे नाही, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्याशी, म्हणजे घटस्फोट देणाऱ्या लेखी आदेशाशी, तर त्यांची गल्लत मुळीच होता कामा नये. दुसऱ्या लग्नाच्या वेळी, वारसाहक्काच्या वादात किंवा निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात ही गल्लत उघड होते तेव्हा तिची किंमत बहुधा स्त्रीला मोजावी लागते.

ब्रिटिश अमलात खान्देश मुंबई इलाख्यात होता. ज्या जातींमध्ये काडीमोड आणि पाट लावण्याची, म्हणजे स्त्रीच्या पुनर्विवाहाची, चाल होती त्यांना विच्छेदाची वाट पूर्वीपासून मोकळी होती. ज्या जातींत विवाह अविच्छेद्य मानला जाई, त्यांतील हिंदूंना ती मुंबई प्रांताच्या १९४७ च्या हिंदू घटस्फोट कायद्याने मिळाली. १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह अधिनियम जम्मू-काश्मीर वगळता सर्व देशासाठी लागू झाला. तो हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याने खान्देशातील बहुसंख्य विवाह त्याच्या कक्षेत येतात. नोंदणी पद्धतीने लागलेल्या विवाहाला १९५४ चा विशेष विवाह अधिनियम आणि ख्रिस्ती विवाहाला १८६९ चा घटस्फोट अधिनियम लागू होतो. मुस्लिम पत्नीला १९३९ च्या कायद्यानुसार न्यायालयाकडून विवाहविच्छेद मागता येतो. एका दमात उच्चारलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने निरर्थक ठरला असून तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला १९५५ च्या अधिनियमाने पूर्णपणे मोडीत काढलेले नाही. त्याच्या कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा विच्छेदाचा हक्क राखून ठेवलेला आहे. मात्र या सवलतीचा अर्थ अनेकदा फार सैलपणे लावला जातो. रूढी प्राचीन, अखंड आणि त्या विशिष्ट समाजात बंधनकारक मानली गेलेली असावी लागते. ती आहे असे नुसते म्हणून भागत नाही, दाव्यात तसे स्पष्ट कथन करून पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हाच मुद्दा अधोरेखित केला आहे. त्यामुळे मुद्रांक कागदावर दोघांच्या सह्या, चार पंचांचे अंगठे आणि नोटरीचा शिक्का घेऊन तयार झालेले 'घटस्फोटपत्र' हे स्वतःहून घटस्फोट ठरत नाही. नोटरी सही कोणी केली एवढेच प्रमाणित करतो; विवाह मोडण्याचा अधिकार त्याला नाही. असा कागद हाती धरून दुसरे लग्न केल्यास पहिला विवाह कायम समजला जाऊन भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा प्रसंग येऊ शकतो, आणि दुसऱ्या पत्नीच्या वाट्याला पत्नीचा दर्जाच येत नाही.

समाजपंचायतींचे काम येथे विचारात घ्यावे लागते. जळगाव जिल्ह्याच्या तापीकाठच्या तालुक्यांतील लेवा पाटीदारांपासून इतर अनेक समाजांपर्यंत वैवाहिक तंटे आधी समाजाच्या बैठकीत नेण्याची रीत आहे. दागिने, लग्नखर्च, मुलांचा ताबा यांविषयी तेथे होणारी तडजोड मोलाची असते, कारण तीच पुढे परस्परसंमतीच्या याचिकेचा पाया बनते. परंतु बैठकीचा निर्णय मान्य नसलेल्या कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. बैठकीतील तडजोडीवर न्यायालयाचा हुकूमनामा घेण्याची सवय लागली तर निम्मे पुढचे वाद उद्भवणारच नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सातपुड्यातील परिस्थिती निराळी आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २(२) नुसार केंद्र शासनाने अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, शिरपूर, चोपडा या भागांतील भिल्ल, पावरा, मावची, कोकणा इत्यादी जमातींचे विवाह आणि विच्छेद आपापल्या रूढीने चालतात. विवाहात वरपक्षाकडून वधूपक्षाला देज, म्हणजे वधूमूल्य, देण्याची प्रथा असल्याने विच्छेदाच्या वेळी देज परत करायचे की नाही आणि किती, हाच पंचांपुढचा मुख्य प्रश्न असतो. असा विच्छेद तोंडीच होतो आणि त्याचा कागद बहुतेक वेळा नसतो. पुढे नोकरी, वारसा किंवा शासकीय योजना यांसाठी पुरावा लागला म्हणजे पंचांची प्रतिज्ञापत्रे गोळा करावी लागतात, आणि वाद असल्यास दिवाणी न्यायालयाकडून वैवाहिक दर्जाची घोषणा मागावी लागते. यावल-रावेर पट्ट्यातील तडवी भिल्ल मुस्लिम असल्याने त्यांच्या बाबतीत मुस्लिम व्यक्तिगत कायद्याचा आणि जमातीच्या रूढीचा असा दुहेरी विचार करावा लागतो.

दावा कोठे दाखल करायचा हा प्रश्न खान्देशात विशेष गुंतागुंतीचा होतो, कारण येथील हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेला स्थायिक झालेली आहेत आणि बऱ्हाणपूर, खेतिया, सेंधवा या मध्य प्रदेशातील गावांशी सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. लग्न शिंदखेड्याला, संसार सुरतेच्या उधन्यात आणि पत्नी आता माहेरी शिरपूरला, अशी उदाहरणे सर्रास आढळतात. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ नुसार विवाह जेथे झाला, प्रतिवादी जेथे राहतो किंवा दोघे शेवटचे जेथे एकत्र राहिले, तेथे याचिका दाखल करता येते. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः राहत असलेल्या ठिकाणीही याचिका करण्याची मुभा दिली असून माहेरी परतलेल्या स्त्रीला तिचा मोठा आधार झाला आहे. वरील उदाहरणात पतीला धुळे जिल्ह्यात किंवा सुरतेत, तर पत्नीला या दोन्ही ठिकाणी आणि शिवाय आपल्या माहेरच्या हद्दीत जाता येते. दोन राज्यांत परस्परविरोधी दावे पडले तर ते एकत्र आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे वर्ग-अर्ज, म्हणजे दावा दुसऱ्या न्यायालयाकडे सोपवण्याचा अर्ज, करावा लागतो. एकाच राज्यातील दाव्यांसाठी उच्च न्यायालय पुरते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाच्या कक्षेत येतात.

जेथे १९८४ च्या अधिनियमाखालील कौटुंबिक न्यायालय आहे, जसे जळगावात, तेथे याचिका त्याच्याकडे जाते. इतरत्र ती दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे दाखल होते. लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्यापूर्वी, असाधारण हालअपेष्टांचे कारण सोडल्यास, याचिका करता येत नाही. एकतर्फी मागणीसाठी क्रूरता, सलग दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार, धर्मांतर, असाध्य मनोविकार, संन्यास, सात वर्षे हयातीची खबर नसणे इत्यादी कारणे हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ मध्ये आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये वगळण्यात आले. केवळ पत्नीसाठी असलेल्या कारणांपैकी एक या भागात सर्वांना ठाऊक असायला हवे : जिचे लग्न वयाच्या पंधराव्या वर्षाआधी लावण्यात आले आणि जिने पंधरा ते अठरा या वयात ते नाकारले, तिला त्या आधारे घटस्फोट मागता येतो.

परस्परसंमतीचा मार्ग १९७६ च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी दोघे किमान एक वर्ष विभक्त राहत असावेत. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे येऊन संमती सांगायची असते. ही सहा महिन्यांची मुदत विशिष्ट परिस्थितीत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. विवाह पुन्हा सांधला जाणार नाही इतका मोडला आहे, एवढ्याच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली फक्त सर्वोच्च न्यायालयालाच आहे, हे २०२३ च्या निर्णयाने स्पष्ट झाले.

याचिकेसोबत विवाह नोंदणीचा दाखला, तो नसल्यास लग्नपत्रिका व छायाचित्रे, रहिवासाचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागते. पोटगीचा प्रश्न असल्यास दोन्ही पक्षांना उत्पन्न व मालमत्तेचे विवरण शपथेवर द्यावे लागते. शेती असलेल्या घरांत सातबारा उतारा येथेच उपयोगी पडतो, कारण 'मला काहीच उत्पन्न नाही' हे म्हणणे त्यावरून तपासता येते. समन्स बजावले गेल्यावर समुपदेशन किंवा मध्यस्थी, मग लेखी कैफियत (प्रतिवादीचे उत्तर), वादाचे मुद्दे, साक्षीपुरावे, उलटतपासणी आणि युक्तिवाद असा क्रम असतो. लोकअदालतीत पोटगी किंवा नांदण्यासंबंधी तडजोड होऊ शकते, घटस्फोट मात्र तेथे मिळत नाही. पैशांअभावी दावा अडू नये यासाठी दोन सोयी आहेत आणि त्यांची माहिती गावोगाव पोचलेली नाही याचे वाईट वाटते. महाराष्ट्रात घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना १९९४ पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे. आणि स्त्रिया, अनुसूचित जाती व जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुका समितीकडून मोफत वकील मिळतो.

झालेल्या घटस्फोटाची नोंद शोधणाऱ्याने प्रथम हे लक्षात घ्यावे की जन्म-मृत्यूसारखी घटस्फोटांची स्वतंत्र नोंदवही ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा तहसील कचेरीत नसते. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली विवाहाची नोंद ग्रामसेवक किंवा पालिकेचा निबंधक करतो, तथापि विवाह मोडल्याचा दाखला तो देत नाही. घटस्फोटाचा मूळ पुरावा म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा, आणि तो ज्या न्यायालयाने दिला त्याच्याच दप्तरात असतो. संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनेसाठी घटस्फोटित स्त्रीकडे तहसील कचेरीत हाच कागद मागितला जातो.

शोधाची सोपी वाट म्हणजे ई-कोर्ट्‌स संकेतस्थळ. प्रकरणाचा सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक ठाऊक असल्यास तेवढ्यावर काम होते. नसल्यास जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष यांवरून शोध घेता येतो. दिवाणी न्यायालयांत ही प्रकरणे बहुधा हिंदू विवाह याचिका, म्हणजे 'एचएमपी', या प्रकारात असतात. नावाचे स्पेलिंग बदलून पाहणे आवश्यक असते, कारण एकच आडनाव वेगवेगळ्या कारकुनांनी वेगवेगळ्या तऱ्हेने टंकलेले असते आणि स्त्रीचे नाव कधी माहेरचे तर कधी सासरचे असते. संकेतस्थळावर काही दिसले नाही म्हणून घटस्फोट झालाच नाही असे मानू नये. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार या सुनावण्या बंद दालनात होतात व कामकाज प्रसिद्ध करण्यास मनाई आहे, त्यामुळे अनेक आदेश तेथे दिसत नाहीत. जुनी प्रकरणे तर संगणकावर आलेलीच नसतात.

अशा वेळी प्रत्यक्ष न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करावा लागतो. अर्जात प्रकरण क्रमांक, पक्षकारांची नावे व निकालाची तारीख दिल्यास अभिलेख कक्षातून संचिका काढून प्रमाणित प्रत, म्हणजे लोकांच्या भाषेत सहीशिक्क्याची नक्कल, दिली जाते. क्रमांक ठाऊक नसेल तर त्या वर्षाची दाव्यांची नोंदवही तपासून घेण्याची विनंती करता येते, आणि त्यासाठी निकालाचे वर्ष अंदाजाने तरी सांगता यावे. पक्षकाराला स्वतःच्या हुकूमनाम्याची नक्कल हक्काने मिळते. त्रयस्थाला कारण व हितसंबंध दाखवावा लागतो, आणि वैवाहिक प्रकरणांत तो दाखवूनही प्रत नाकारली जाऊ शकते. सोयरीक जुळवण्यापूर्वी समोरच्याच्या घटस्फोटाची खात्री करायची असेल तर त्याच्याकडूनच प्रमाणित प्रत मागणे हा सरळ मार्ग होय.

जुन्या नोंदींसाठी जिल्ह्यांचा इतिहास ठाऊक असणे उपयोगाचे ठरते. १९०६ पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता व त्याचे ठाणे धुळे होते. त्या वर्षी पूर्व व पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले आणि त्यांतून पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आले. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून शहादा किंवा नवापूरच्या जोडप्याचा १९९० च्या सुमाराचा हुकूमनामा धुळे जिल्ह्याच्या नावाने असतो. सुरतेच्या न्यायालयातील प्रकरणाची नक्कल सुरतेतच मागावी लागते आणि तेथील कागद गुजरातीत असल्यास त्याचे प्रमाणित मराठी भाषांतर जोडावे लागते.

हाती आलेल्या नकलेत निकालाची तारीख पाहावी आणि तिच्यावरून अपिलाची मुदत संपल्याची तारीख काढावी. हिंदू विवाह अधिनियमाखाली अपिलाला नव्वद दिवस आहेत, आणि ती मुदत टळेपर्यंत किंवा अपील फेटाळले जाईपर्यंत कलम १५ प्रमाणे कोणत्याही पक्षाला पुन्हा लग्न करता येत नाही. हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत दिलेला, असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज पडलेला नाही ना, याचीही खातरजमा त्याच न्यायालयात करून घ्यावी.