पावतीपुस्तक आणि प्रस्ताव: देणगी व सीएसआर निधी यांतला फरक

नागपुरातल्या एखाद्या सामाजिक संस्थेच्या खात्यात पाच लाख रुपये जमा झाले, तर ते धंतोलीतल्या निवृत्त प्राध्यापकांनी दिले की बुटीबोरीतल्या कारखान्याने, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. निधी संकलनाच्या चमूत बदल घडवू पाहणाऱ्या सचिवांची गफलत बहुधा येथेच होते. देणगी आणि सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून कायद्याने खर्च करायचा पैसा) हे एकाच कामाचे लहानमोठे प्रकार आहेत असे समजून ते जुन्या कार्यकर्त्यांना वर्षाचे एकच मोठे उद्दिष्ट देतात आणि ‘आता कंपन्यांकडे जा’ असे सांगून मोकळे होतात.

देणगी माणूस देतो. वडिलांच्या पुण्यतिथीला तो रक्कम पाठवतो, पावती घेतो, आणि त्याने विशिष्ट कामाची अट घातली नसेल तर त्यातून कार्यालयाचे भाडे किंवा लेखापालाचा पगारही भागवता येतो. येथे लागते ती ओळख, आठवण आणि वेळेवर पोहोचलेली पावती.

सीएसआरचा पैसा मात्र कायद्यातून येतो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करावी लागते. तीही त्याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये दिलेल्या विषयांवर आणि आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य देऊन. वेस्टर्न कोलफिल्ड्स (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या खाणकंपन्यांची मुख्यालये नागपुरात असली, तरी त्यांच्या खाणी इतर जिल्ह्यांतही, अगदी मध्य प्रदेशापर्यंत पसरलेल्या आहेत. त्यामुळे शहरातल्या अभ्यासिकेच्या प्रस्तावाला खाणीलगतच्या गावातल्या पाणीयोजनेशी स्पर्धा करावी लागू शकते, आणि सचिवांची जुनी ओळख तेथे फार उपयोगी पडत नाही. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा आपल्यालाच लागू आहे असे मानून संस्था प्रस्तावातले पगार स्वतःहून कापतात. वास्तविक ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. मंजूर निधी मात्र ठरलेल्या प्रकल्पावरच खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, कंपनीला द्यावे लागते, आणि हप्ता लांबला तर तोवरचे पगार देणगीतूनच द्यावे लागतात.

म्हणून बदलाची सुरुवात नव्या पदनामांपासून न करता खर्चाच्या यादीपासून करावी, असे माझे मत आहे: कोणता खर्च कोणत्या पैशातून निघेल, हे सर्वांसमोर लिहून काढावे. ज्या ताईंच्या डायरीत तीनशे देणगीदारांचे वाढदिवस आहेत, त्यांना प्रस्ताव लिहायला बसवले की ना प्रस्ताव धड होतो ना फोन जातात; वर आपले काम आता कमी प्रतीचे ठरले, ही भावना त्यांच्या मनात घर करते. प्रस्ताव प्रकल्पप्रमुख आणि लेखापाल यांनी मिळून लिहावा. ताईंचे काम किती जुने देणगीदार पुन्हा देतात यावर मोजावे आणि प्रस्ताव लिहिणाऱ्यांचे काम अहवाल वेळेवर गेले की नाही यावर.

या वाटणीची खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. कंपन्यांचे वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने उपयोगिता प्रमाणपत्रांची घाई तेव्हाच असते, आणि करसवलतीसाठी वर्ष संपण्यापूर्वी रक्कम देऊ इच्छिणारे देणगीदारही नेमके तेव्हाच पावतीसाठी फोन करतात.