देमिर्ताश कारावास प्रकरण

तुर्कस्तानातील कुर्दी वकील व राजकीय नेते सेलाहत्तिन देमिर्ताश यांची ४ नोव्हेंबर २०१६ रोजी झालेली अटक आणि त्यातून उद्भवलेले न्यायालयीन वाद. सत्ताधाऱ्यांनी राजकीय हेतूने कैदेत टाकणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नावरील अलीकडच्या युरोपीय न्यायनिर्णयांत हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

देमिर्ताश यांचा जन्म १९७३ मध्ये पूर्व तुर्कस्तानातील पालू येथे झाझाकी बोलणाऱ्या कुटुंबात झाला. झाझाकी ही कुर्दीची बोली की स्वतंत्र वायव्य इराणी भाषा, याविषयी एकमत नाही. जर्मन अभ्यासक ओस्कार मान यांच्यापासून भाषाशास्त्रज्ञांचा कल ती वेगळी मानण्याकडे आहे आणि व्याकरणाचा पुरावाही त्याच बाजूचा दिसतो. मात्र भाषेचे वर्गीकरण आणि समाजाची आत्मओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देमिर्ताश स्वतःला कुर्दी म्हणवतात. कुर्दी कार्यकर्ते वेदात आयदिन यांची १९९१ मध्ये हत्या झाली. त्यांच्या अंत्ययात्रेने आपल्याला ही ओळख दिली, असे देमिर्ताश सांगत आले आहेत. अंकारा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी दियारबकिरमध्ये वकिली केली आणि मानवी हक्क संघटनेच्या (इन्सान हाक्लारी देर्नेई) तेथील शाखेचे अध्यक्षपद सांभाळले. २००७ मध्ये ते संसदेत गेले व २०१४ मध्ये कुर्दीसमर्थक पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीचे (एचडीपी) सहअध्यक्ष झाले. जून २०१५ च्या निवडणुकीत पक्षाला सुमारे १३ टक्के मते आणि ८० जागा मिळाल्या व राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांच्या पक्षाचे बहुमत गेले.

अटकेचा मार्ग घटनादुरुस्तीने मोकळा झाला. तुर्की घटनेच्या कलम ८३ नुसार सभागृहाच्या संमतीविना खासदाराला सहसा अटक करता येत नाही. (भारतात असे कवच नाही. येथे खासदाराला मिळणारे अटकेपासूनचे संरक्षण दिवाणी बाबींपुरते आहे.) २० मे २०१६ रोजी घटनेत एक तात्पुरते कलम घालून, तोवर प्रलंबित असलेल्या प्रकरणांपुरते हे संरक्षण एकाच वेळी १५४ खासदारांवरून उठवण्यात आले. त्यांपैकी ५५ एचडीपीचे होते. १९९४ मध्ये कुर्दी खासदार लैला झाना व त्यांच्या सहकाऱ्यांचे संरक्षण काढून घेतले गेले होते, तो पूर्वदाखला येथे आठवतो. मात्र तेव्हा निर्णय व्यक्तिनिहाय झाले होते.

आरोपांचा गाभा ६ ते ८ ऑक्टोबर २०१४ च्या हिंसाचाराचा. सीरियातील कुर्दीबहुल कोबानी शहराला ‘इस्लामिक स्टेट’ने वेढा घातला असता एचडीपीच्या कार्यकारिणीने ट्विटरवरून लोकांना रस्त्यावर उतरण्याचे आवाहन केले. आरोपपत्र ३७ मृत्यू धरते, इतर गणना पन्नासच्या आसपास जातात.

पुढचा गुंता कैद एक की दोन, हा आहे. ७ सप्टेंबर २०१८ रोजी २०१३ च्या नवरोज (कुर्दी नववर्ष) सभेतील भाषणाबद्दल देमिर्ताश यांना ४ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. डिसेंबरपासून ते कच्चे कैदी न राहता शिक्षा भोगणारे कैदी ठरले. २ सप्टेंबर २०१९ रोजी मूळ खटल्यात सुटकेचा आदेश झाला. १८ सप्टेंबरला स्ट्रासबुर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठापुढे (सर्वात मोठ्या पीठापुढे) सुनावणी झाली आणि २० सप्टेंबरला, शिक्षेतून सुटण्याची वेळ येताच, त्याच ऑक्टोबर २०१४ च्या घटनांबद्दल नव्या कलमांखाली पुन्हा कोठडीचा आदेश निघाला. ही कैद वेगळ्या गुन्ह्यासाठी असून ती आधीच्या तक्रारीच्या कक्षेत येत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. महापीठाने तो नाकारला: घटना त्याच, फक्त कलमे बदलली. तारखांचा क्रम पाहता हेच वाचन अधिक सुसंगत वाटते.

युरोपीय मानवी हक्क कराराच्या कलम १८ बाबतही महापीठाचा निकाल (२२ डिसेंबर २०२०) लक्षणीय आहे. हक्कांवरील निर्बंध ठरवून दिलेल्या हेतूंखेरीज अन्य हेतूने वापरू नयेत, असे हे कलम सांगते. हेतू मिश्र असल्यास त्यांतला प्रधान कोणता, ही कसोटी मेराबिश्विली प्रकरणात (२०१७) ठरली होती. येथे एप्रिल २०१७ चे सार्वमत आणि जून २०१८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक या दोन्ही वेळी देमिर्ताश कैदेत असल्याकडे लक्ष वेधून, बहुविधता दडपणे हाच प्रधान हेतू होता, असा निष्कर्ष १६ विरुद्ध १ मतांनी निघाला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या लहान (विभागीय) पीठाने अटकेमागे वाजवी संशय होता, असे मानले होते. महापीठाने तोही नाकारून तत्काळ सुटका करण्यास सांगितले. सुटका झाली नाही. कोबानी खटल्यात १६ मे २०२४ रोजी देमिर्ताश यांना ४२ वर्षांची शिक्षा झाली. हत्येच्या आरोपांतून मात्र ते निर्दोष सुटले. जुलै २०२५ मध्ये स्ट्रासबुर्ग न्यायालयाने सप्टेंबर २०१९ पासूनची दुसरी कैदही राजकीय हेतूची ठरवली.

कैदेचे ठिकाण बल्गेरिया व ग्रीसच्या सीमेजवळील एदिर्ने, म्हणजे दियारबकिरपासून रस्त्याने दीड हजारांहून अधिक किलोमीटर. तेथे त्यांनी कथालेखन केले. २०१८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही त्यांनी तुरुंगातूनच लढवली व ८.४ टक्के मते मिळवली. प्रचाराचे एक भाषण पत्नीला करावयाच्या दूरध्वनीवरून झाले. सरकारी वाहिनीवरील उमेदवाराच्या भाषणाचे चित्रीकरण तुरुंगातच करण्यात आले.