मॅग्नेट नाही, रिंग गेली आहे

"मॅग्नेट गेलो हा. आता नवोच घेवा."

गणपतीला आठ दिवस राहिले असताना घरातला २००९ सालचा सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारी स्पीकरची पेटी, बाजारात नेला, तेव्हा मिळालेलं हे उत्तर. पेटी उघडूनही पाहिली नव्हती. हेच निदान मी वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत अनेक घरांत ऐकलंय. बेसचा आवाज फाटायला लागला की मॅग्नेट उतरला म्हणायचं आणि पेटी माळ्यावर टाकायची.

मॅग्नेट असा उतरत नाही. घरगुती वूफरच्या पाठीला जी काळी जड चकती असते ती बहुतेक वेळा फेराइटची असते. लोखंडाचं ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम किंवा बेरियमची संयुगं एकत्र दाबून, कौलासारखी भट्टीत भाजून ती बनवतात. मुळात ऑक्साइडच असल्याने ती गंजत नाही, आणि तिचं चुंबकत्व पार घालवायचं तर तिला साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. घरातल्या वापरात वीस-तीस वर्षांतही तिची ताकद कानाला जाणवण्याइतकी कमी होत नाही. 'मॅग्नेट चार्ज करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

घरी आणून पेटीची जाळी काढली. वूफरच्या पुढच्या हलणाऱ्या शंकूच्या, म्हणजे कोनाच्या, कडेला जी फुगीर गोल पट्टी असते, जिला कारागीर रिंग म्हणतात, तिला बोट लावलं तर बोट आत गेलं. बोटाला काजळीसारखा चिकट काळा चुरा लागला. गेल्या गणपतीत हीच रिंग शाबूत दिसत होती.

ही रिंग पॉलियुरेथेन फोमची होती. अशा फोमच्या एका प्रकारात रेणूंच्या लांब साखळ्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात. दहावीला आपण शिकतो: आम्ल अधिक अल्कोहोल, मिळून एस्टर आणि पाणी. ही अभिक्रिया उलटही चालते. एस्टरला पाणी मिळालं की तो पुन्हा आम्ल आणि अल्कोहोलमध्ये तुटतो. कोकणातल्या प्रत्येक घरात हे घडतं, कारण खोबरेल तेल म्हणजेही एस्टरच. ओल लागलेलं खोबरं खवट होतं आणि जिभेला साबणासारखं लागतं, ते तेलातले एस्टर तुटून लॉरिक आम्ल सुटं झाल्यामुळे. रिंगमध्ये हेच होतं, फक्त तिथे तेलाऐवजी साखळ्या तुटतात. लांब साखळी म्हणजे लवचीकपणा. तुकडे झाले की उरतो तो चिकट चुरा.

मला या अभिक्रियेतली सर्वांत विलक्षण गोष्ट पुढची वाटते. एस्टर तुटताना जे आम्ल तयार होतं, तेच पुढचा एस्टर तोडायला मदत करतं. म्हणजे झीज स्वतःच स्वतःचा वेग वाढवत नेते. पहिली कितीतरी वर्षं बाहेरून काहीच दिसत नाही, आणि मग एका पावसाळ्यात सगळं कोसळतं. 'परवापर्यंत चांगला वाजत होता' हे म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. माळ्यावर न वापरता ठेवलेल्या वूफरची रिंगही म्हणूनच जाते, कारण पाण्याची वाफ तिथेही पोचते.

आणि वापरात असेल तर रिंगेवर ताण किती? आवाज तेवढाच मोठा ठेवून वारंवारता निम्मी केली, तर कोनाला चौपट सरकावं लागतं. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर लागत असेल तर ५० ला ४ आणि २५ ला १६. पन्नास हर्ट्झचा सूर तासभर वाजला तर रिंग १ लाख ८० हजार वेळा वाकते. साध्या स्पीकरची रिंग तग धरते आणि सबवूफरची आधी फाटते, ती यामुळे.

रिंग बदलता येते, पण मिळेल ती लावून चालत नाही. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती वजन वाढवून सूर खाली आणायला. वूफरचंही गणित तेच: नैसर्गिक वारंवारता ही ताठपणा भागिले वस्तुमान, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. जाड, कडक रबरी रिंग लावल्याने एकूण ताठपणा दुप्पट झाला, तर ३० हर्ट्झचा वूफर ४२ वर जातो आणि खालचे सूर पातळ होतात. म्हणून रबर घ्यावं, पाण्याला ते फोमपेक्षा कितीतरी चांगलं टिकतं, पण मऊ आणि हलकं घ्यावं, आणि कोनाच्या व सांगाड्याच्या मापाचं. आमच्या कारागिराने कोनाच्या मधली टोपी कापली, कोनाच्या मागे असलेल्या तारेच्या गुंडाळीच्या, म्हणजे कॉईलच्या, आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचून ती बरोबर मध्ये बसवली, रिंग चिकटवली, आणि गोंद वाळल्यावरच पट्ट्या काढल्या.

पण त्याआधी बाकीचं जिवंत आहे का ते पाहावं लागतं. ॲम्प्लिफायरच्या वायरी सोडवून वूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन 'टप' करून हलला तर कॉईल तुटलेली नाही. मल्टिमीटर असेल तर ४ ओहमचा वूफर साधारण ३ ते साडेतीन दाखवतो. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर टेकवून तो हळूच, सरळ आत दाबा. खरखर आली तर कॉईल घासते आहे. कधी ती जळून फुगलेली असते, तर कधी मॅग्नेटजवळच्या पोलादी पट्ट्यांवरचा गंज कॉईल ज्या अरुंद फटीत हलते तिच्यात पडलेला असतो. फेराइट गंजत नसलं तरी पोलाद गंजतं, आणि समुद्राकाठी लवकर. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात ती बहुतेक वेळ त्याहून वरच असते. म्हणजे धातूवर बसलेला खारा थर महिनोन् महिने ओला राहतो.

घूं असा आवाज येत असेल तर आवाजाचं बटण शून्यावर नेऊन इनपुटची केबल काढा. तरीही घूं चालूच राहिली तर ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारे फिल्टरचे कंडेन्सर वाळले आहेत, असा संशय घ्यायला जागा आहे. कंडेन्सर फुगलेले दिसले तर बदलून घ्यावेत. ते काम कारागिराकडेच द्या, प्लग काढल्यावरही त्यात भार साठलेला असतो.

नवीन घेणं रास्त ठरतं ते तीन वेळा: कॉईल जळली आहे आणि तसा कोन-कॉईलचा संच मिळत नाही; ॲम्प्लिफायरच्या सर्किटची पाटी क्षारांनी हिरवी होऊन तिचे तांब्याचे पट्टे खाल्ले गेले आहेत; किंवा एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, पेटी ओल लागून फुगली आहे. फुगलेलं एमडीएफ पूर्वपदावर येत नाही, आणि सांधे सुटलेली पेटी हवा धरत नाही. नवीन घेताना खोक्यावरच्या 'पीएमपीओ ५००० वॅट' या फुगवलेल्या क्षणिक आकड्याकडे मुळीच पाहू नका. घरातलं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १४०० वॅट देऊ शकतं. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, वॅट किती आहेत ते विचारा, आणि रिंग रबराची आहे का ते बोटाने पाहून घ्या.

आमची कॉईल शाबूत होती, पेटी कोरडी होती. म्हणून रिंग आणि दोन कंडेन्सर बदलून घेतले.

आता पेटी जांभ्याच्या बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत सरकवली आहे, आणि पावसाळाभर ती रोज संध्याकाळी तासभर चालू ठेवतो, म्हणजे आतली हवा थोडी तापते. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांपर्यंत तापली, तर तेवढ्याच वाफेला आर्द्रता सुमारे ६७ टक्के होते, म्हणजे मिठाच्या त्या ७५ च्या खाली. उष्णतेने कंडेन्सर लवकर म्हातारे होतात, दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं. पण तासभराच्या पाच अंशांचा तोटा मला परवडतो. कंडेन्सर दहा मिनिटांत बदलता येतो, रिंग बसवायला दोन दिवस गेले होते.