अजून एकदा लिहू की बासनात गुंडाळू? हा प्रश्न आला कुठून

कादंबरी अजून एकदा लिहून काढू की सरळ बासनात गुंडाळून ठेवू, हे हल्ली आमच्याकडे फार ऐकू येतं. फोंड्याला जा, मडगावला जा, लिहिणारी चार माणसं जमली की चहाच्या वेळेला कोणीतरी हा विषय काढणारच. पण मागं जाऊन बघितलं तर पूर्वी लेखकाला हा प्रश्न पडायचं फारसं कारणच नव्हतं, कारण त्याला थांबवणारा कोणीतरी दुसराच असायचा.

छापखाने नव्हते तेव्हा पोथी नकलून घ्यायची, आणि नकलणारा बदलला की पाठही थोडा बदलायचा, म्हणजे लेखक गेल्यावरही पुनर्लेखन चालूच. ज्ञानेश्वरीचं तेच झालं. रचना 1290 ची, पुढच्या तीनेकशे वर्षांत इतके पाठभेद साचले की 1584 मध्ये एकनाथांनी बसून प्रत शुद्ध केली आणि वर बजावलं की आता यात कोणी आपली ओवी घुसवली तर त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. इतक्या स्पष्ट शब्दांत 'आता पुरे' म्हणणारा संपादक मराठीला नंतर मिळाला असेल असं मला तरी वाटत नाही.

गोव्यात छापखाना आला 1556 ला, जुन्या गोव्यात सेंट पॉल कॉलेजमध्ये, भारतातला पहिला. मग थांबवायचं काम यंत्राकडे आणि परवानगीकडे गेलं. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मिशनरी 1579 ला इथं आला आणि त्याने मराठीत दहा हजारांवर ओव्यांचं क्रिस्तपुराण रचलं. इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत ही त्याची खूप वर्षांची इच्छा, 1608 च्या पत्रात त्याने रोमला वरिष्ठांना तसं लिहिलंय, आणि अडचणही सांगितलीय की युरोपात अक्षरांच्या चोवीस साच्यांवर भागतं, इथं सहाशेच्या आसपास पाडावे लागतील. साचे काही पाडले गेले नाहीत. 1616 ला गोव्यातल्याच रायतूरला पुराण छापलं ते रोमन लिपीत, पुढे 1649 आणि 1654 ला परत निघालं, आणि गंमत बघा, या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही, आपल्यापर्यंत पुराण पोचलं ते हाताने नकललेल्या प्रतींमुळे. त्यातली एक देवनागरी प्रत लंडनला सापडली, तिची भाषा रोमन प्रतींपेक्षा जास्त संस्कृत वळणाची, त्यामुळे मूळ खर्डा नेमका कुठला यावर अभ्यासकांची भांडणं झाली. चारशे वर्षांपूर्वीच्या बाडाचा फायनल ड्राफ्ट कुठला हे ठरत नाही, तर आपली काय कथा.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात सेन्सॉर आला. लग्नपत्रिका छापायची तरी ती आधी दाखवून आणा, अशी परिस्थिती. अशा वेळी लेखक स्वतःच तासून लिहायचा, ते पुनर्लेखन चांगलं लिहिण्यासाठी नव्हतं, सुटण्यासाठी होतं. बाकी मराठी लिहिणाऱ्यांचा ओढा मुंबई-पुण्याच्या मासिकांकडे. 1909 ला 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि लेखकाला वर्षाची एक डेडलाइन मिळाली. कथा पाठवायची, सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट, आणि ते पाकीट 'साभार परत' घेऊन घरी आलं की मग ठरवायचं, परत लिहायची की ट्रंकेत टाकायची. मुक्तीनंतर 1962 ला 'गोमन्तक' निघाला, बा. द. सातोस्कर पहिले संपादक, तेव्हापासून रोजचं मराठी छापून यायची सोय गोव्यातच झाली.

पण माझ्या मते थांबवायची खरी ताकद कागदातच होती. दोनशे पानं परत हाताने उतरवायची म्हणजे बोटं धरतात हो, आणि बोटं धरली की कंटाळवाणं वाक्य माणूस आपसूक गाळतो. मुद्दाम संपादन करायची गरजच नाही. कॉम्प्युटरवर ते वाक्य तसंच बसून राहतं, आपण त्याच्या शेजारी फक्त स्वल्पविराम घालतो आणि काढतो. शिवाय फाइल उघडली की दरवेळी पहिल्या पानावर, म्हणून पहिली तीन प्रकरणं घासून गुळगुळीत आणि शेवट कच्चाच.

मग ओळखायचं कसं? मी बघतो ते एवढंच, की चार जणांना वाचायला दिल्यावर चौघं एकाच जागी अडखळत असतील तर काम बाकी आहे, परत लिहा. प्रत्येकजण वेगळ्याच जागी अडत असेल तर दुरुस्ती कुठं करणार, ते बाड काही महिने ठेवून द्या. आणि काढलेला शब्द फिरून त्याच जागी यायला लागला की बाबा आता हात काढून घे.

आमच्याकडे एक जागा अजून आहे जिथं हा घोळ होत नाही, जत्रेचं नाटक. जत्रेची तारीख देवाची, ती पुढं ढकलता येत नाही. संहिता वहीत लिहिलेली, नटांना आपापली नक्कल, म्हणजे आपापली वाक्यं, उतरवून दिलेली, तालमीत एखाद्याच्या तोंडात वाक्य बसलं नाही की लेखक तिथंच मांडवात पेनाने खोडतो, आणि रात्री पडदा वर गेला की पुनर्लेखन संपलं. मग प्रॉम्प्टर जाणे आणि नट जाणे.

आमच्या ओळखीतला एकजण 1787 च्या पिंटोंच्या बंडावर, म्हणजे गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध झालेल्या कटावर, कादंबरी लिहीत होता. पणजीच्या पुराभिलेखात नवीन कागद सापडला की त्याचं अख्खं प्रकरण परत, असं किती वर्षं चाललं होतं, वाचणारे आम्ही थकलो पण तो थकला नाही. शेवटी बायको म्हणाली, अहो, यातलं ते कटवाल्यांच्या गुप्त बैठकीचं प्रकरण तेवढं नाटकच आहे, तेवढंच करा ना. बाकीची पानं आता कपाटात आहेत, बैठक यंदा जत्रेला होतेय, आणि दुसऱ्या अंकाची नक्कल अजून दोघा नटांना मिळायचीय.